एका अपडेटने स्टुडिओ बंद पडतो तेव्हा: दृष्टिहीन संगीतकारांसाठीचं सॉफ्टवेअर कोण बनवतं आणि कोण विकतं?

१५ फेब्रुवारी २०१६. लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा रंगला होता. 'साँग ऑफ द इयर' कोणाला मिळालं हे सांगायला स्टीव्ही वंडर मंचावर आले. त्यांनी पाकीट उघडलं, आतलं कार्ड प्रेक्षकांकडे धरलं आणि 'तुम्हाला हे वाचता येणारच नाही' अशा थाटात सगळ्यांची फिरकी घेतली. कार्डावरचा मजकूर ब्रेल लिपीत होता.

हशा ओसरल्यावर विजेत्याचं नाव वाचण्याआधी ते गंभीरपणे बोलले. प्रत्येक अपंग व्यक्तीला प्रत्येक गोष्ट वापरता येईल, अशी सोय आपण केली पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. टाळ्या पडल्या. ती क्लिप आजही फिरत असते.

पण गाण्याला पुरस्कार मिळण्याआधी ते कुठेतरी तयार होतं. आज ते बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर तयार होतं. रेकॉर्डिंग, एडिटिंग, मिक्सिंग, वाद्यांचे आवाज, सगळं स्क्रीनवर. ज्याला स्क्रीन दिसत नाही, त्याने हे काम कसं करायचं? त्याच्यासाठी सॉफ्टवेअर कोण बनवतं? आणि त्याचा धंदा चालतो का?

समजून घेऊया.

आधी हे समजून घ्या: स्क्रीन रीडर म्हणजे काय?

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असते. आयफोनमध्ये तिचं नाव 'व्हॉइसओव्हर'. ती सुरू केली की बोटाखाली जे बटण येईल त्याचं नाव फोन बोलून दाखवतो. यालाच स्क्रीन रीडर म्हणतात. कॉम्प्युटरवर हेच काम 'जॉज' किंवा 'एनव्हीडीए'सारखे प्रोग्रॅम करतात. माऊसची गरज नसते, सगळं कीबोर्डवरून चालतं.

स्क्रीन रीडर स्क्रीनकडे 'बघत' नाही. तो ॲपला विचारतो: इथे काय आहे? ॲपने उत्तर दिलं, 'हे बटण आहे, नाव सेव्ह', तर तो ते बोलतो. ॲपने काहीच सांगितलं नाही, तर तो नुसतंच 'बटण' म्हणतो किंवा गप्प बसतो.

म्हणजे दृष्टिहीन माणसाला एखादं सॉफ्टवेअर वापरता येईल की नाही, हे मुख्यतः ते लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरच्या हातात असतं. प्रत्येक बटणाला कोडमध्ये नाव दिलंय का, यावर बरंच काही ठरतं.

मग संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये अडचण कुठे येते?

जवळपास सगळीकडे! याचं कारण या सॉफ्टवेअरच्या दिसण्यात आहे. ईमेलच्या ॲपमध्ये शब्द असतात. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या लाटा, रंगीत पट्ट्या, वर-खाली नाचणारे मीटर आणि गोल फिरवायच्या कळा असतात.

प्लगइनचं प्रकरण त्याहून अवघड. प्लगइन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम: कोणी पियानोचा आवाज देतो, कोणी आवाजात घुमारा आणतो. ते जुन्या स्टुडिओ मशिनसारखे दिसावेत म्हणून कंपन्या त्यांचं चित्र स्वतः रंगवतात. डोळ्यांना ते देखणं दिसतं. स्क्रीन रीडरला मात्र ती सगळी खिडकी म्हणजे एक कोरा कागद.

शिवाय एक अडचण फक्त संगीतकारांचीच आहे. स्क्रीन रीडर बोलतो, आणि संगीतही ऐकायचं असतं. दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात. म्हणून बरेच जण दोन वेगळी साऊंड कार्ड वापरतात, किंवा एका कानात स्क्रीन रीडर आणि दुसऱ्या कानात गाणं अशी सोय करतात. मायक्रोफोन सुरू असताना स्पीकरवर स्क्रीन रीडर बोलला, तर तोही गाण्यात रेकॉर्ड होतो.

या अडचणींवर आजवर चार मार्ग निघाले. प्रत्येकाचं आर्थिक गणित वेगळं आहे.

मार्ग पहिला: फक्त दृष्टिहीनांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर

लुई ब्रेल स्वतः संगीतकार होते, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. १८२९ साली त्यांनी आपली लिपी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात संगीत लिहिण्याचीही पद्धत होती. आजच्या ब्रेल संगीतात सहा ठिपक्यांपैकी वरचे चार ठिपके कोणता स्वर ते सांगतात आणि खालचे दोन ठिपके तो किती वेळ धरायचा ते सांगतात. पाश्चात्त्य 'सी' हा स्वर ब्रेलमधल्या 'डी' अक्षराने लिहितात, 'डी' स्वर 'ई' अक्षराने, आणि असंच पुढे.

पण छापील स्वरलिपीतून ब्रेलमध्ये उतरवायला दोन्ही लिप्या येणारा माणूस लागतो, आणि वेळ लागतो. एखाद्या विद्यार्थ्याची परीक्षा पुढच्या आठवड्यात असेल आणि पुस्तक ब्रेलमध्ये नसेल, तर त्याने काय करायचं?

अमेरिकेतल्या बिल मॅकॅन यांनी हा प्रश्न हातात घेतला. ते स्वतः दृष्टिहीन, ट्रम्पेट वाजवणारे आणि व्यवसायाने प्रोग्रॅमर. १९९२ मध्ये त्यांनी 'डान्सिंग डॉट्स' ही कंपनी काढली आणि १९९७ मध्ये 'गुडफील' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. छापील पान स्कॅन करायचं, एका प्रोग्रॅममधून त्यातले स्वर ओळखून घ्यायचे, चुका दुरुस्त करायच्या आणि 'गुडफील'मधून ब्रेल प्रत काढायची. महत्त्वाचं म्हणजे, हे काम ब्रेल न येणारा डोळस शिक्षकही करू शकतो.

मग अडचण काय? गिऱ्हाईक. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार पूर्ण दृष्टिहीन लोक सुमारे ४.३ कोटी आहेत. त्यातले संगीतकार थोडे, त्यातले ब्रेल संगीत वाचणारे आणखी थोडे, आणि त्यातले सॉफ्टवेअर विकत घेऊ शकणारे त्याहून थोडे.

सॉफ्टवेअर बनवायचा खर्च मात्र गिऱ्हाईक कमी आहेत म्हणून कमी होत नाही. दहा लाख प्रती विकल्या तरी प्रोग्रॅमरचा पगार तोच आणि पाचशे विकल्या तरी तोच. तो खर्च थोड्या लोकांत वाटला गेला की किंमत चढते. म्हणून असं सॉफ्टवेअर अनेकदा विद्यार्थ्याऐवजी शाळा, विद्यापीठ किंवा सरकारी पुनर्वसन विभाग विकत घेतो. जिथे अशा खरेदीसाठी सरकारी पैसा असतो, तिथे हा धंदा तग धरतो. जिथे नसतो, तिथे विद्यार्थ्याला उधार-उसनवारी करावी लागते किंवा सॉफ्टवेअर मिळतच नाही.

मार्ग दुसरा: दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला 'बोलकं' करणं

ब्रेल प्रत मिळाली, पण रेकॉर्डिंगचं काय? संपूर्ण रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर नव्याने लिहिणं लहान कंपनीच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून 'डान्सिंग डॉट्स'ने दुसरी युक्ती केली. त्या काळात विंडोजवर 'केकवॉक सोनार' हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लोकप्रिय होतं. ते 'जॉज' स्क्रीन रीडरसोबत नीट चालावं म्हणून कंपनीने 'केकटॉकिंग' नावाच्या सूचनांचा संच तयार करून विकला. स्क्रीनवर कुठे काय आहे आणि ते कसं बोलायचं, हे हा संच 'जॉज'ला शिकवायचा.

हे चाललं, पण तीन अटींवर. 'सोनार' विकत घ्यायचं, 'जॉज' विकत घ्यायचं आणि 'केकटॉकिंग'ही विकत घ्यायचं. म्हणजे डोळस संगीतकार एका गोष्टीचे पैसे देतो तिथे दृष्टिहीन संगीतकाराने तिघांचे द्यायचे. 'जॉज'चीच किंमत शेकडो डॉलरांत.

दुसरा धोका याहून मोठा होता. २०१० च्या अखेरीस 'सोनार'ची 'एक्स वन' ही आवृत्ती आली. कंपनीने रूप पार बदललं. डोळस ग्राहकांसाठी तो नवा, झकपक चेहरा होता. पण जुन्या रूपावर बेतलेल्या सूचना नव्या रूपावर चालेनात. अनेक दृष्टिहीन वापरकर्ते जुन्या ८.५ आवृत्तीवरच थांबले. आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मालक कंपनी गिब्सनने 'केकवॉक'ची निर्मितीच थांबवली. नंतर २०१८ मध्ये 'बँडलॅब'ने ते विकत घेऊन पुन्हा सुरू केलं, ही गोष्ट वेगळी.

आता एका स्टुडिओची कल्पना करा. तुम्ही जाहिरातींचं संगीत करून घर चालवता. एके दिवशी सॉफ्टवेअर अपडेट होतं आणि कालपर्यंत बोलणारी बटणं मुकी होतात. गिऱ्हाईकाला उद्या सकाळी फाईल द्यायची आहे. डोळस माणसाला अपडेटनंतर बटण शोधायला दोन मिनिटं लागतात. तुमच्यासाठी मात्र ते बटण राहिलेलंच नसतं.

मार्ग तिसरा: वापरणाऱ्यांनीच बनवायचं आणि फुकट वाटायचं

ऑस्ट्रेलियात दृष्टिहीन मुलांसाठी एक संगीत शिबिर भरायचं. तिथे मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन मुलांची ओळख झाली. संगीताइतकीच दोघांना कॉम्प्युटरची आवड होती. पुढे २००६ मध्ये करनने ठरवलं, की पैसे नसलेल्या माणसालाही कॉम्प्युटर वापरता आला पाहिजे, आणि एक मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. टेह त्याला येऊन मिळाला. तोच 'एनव्हीडीए'. आज जगभर तो वापरला जातो, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या आवाजांमध्ये मराठी बोलणारा आवाजही आहे.

गोष्ट इथे संपत नाही. टेहने पुढे 'रीपर' या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी एक जोड लिहिली, 'ओसारा'. नाव ऐकून आपल्याला घराची ओसरी आठवेल, पण ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलं आहे. 'ओसारा' बसवलं की बाण दाबत एकेका ट्रॅकवर जाता येतं: ट्रॅकचं नाव, तो म्यूट आहे का, रेकॉर्डिंगसाठी तयार आहे का, कर्सर कितव्या मात्रेवर आहे, हे सगळं ऐकू येतं. आवाजाची पातळी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर तेही ते सांगतं. मीटर डोळ्यांनी बघावं लागत नाही.

त्या कोऱ्या कागदासारख्या प्लगइनचं काय? प्लगइन मुख्य सॉफ्टवेअरला आपल्या सेटिंग्जची यादी आतल्या बाजूने देत असतो: नाव आणि किंमत. 'ओसारा' ती यादी थेट वाचून दाखवतं. त्यामुळे चित्र दिसत नसलं तरी कळ फिरवता येते. अर्थात प्लगइन बनवणाऱ्याने यादीत नीट नावं दिली असतील तरच. कोणी आळस करून 'पॅरामीटर १, पॅरामीटर २' लिहून ठेवलं असेल, तर अंदाजपंचे काम.

हा मार्ग 'रीपर'मध्येच का जमला? कारण 'रीपर'च्या निर्मात्यांनी बाहेरच्या प्रोग्रॅमरना आत डोकावायला दार उघडं ठेवलंय. व्यक्तींसाठी आणि लहान व्यवसायांसाठी परवाना ६० डॉलरला मिळतो आणि ६० दिवस वापरून बघता येतं. 'एनव्हीडीए' आणि 'ओसारा' दोन्ही मोफत. तीन खरेद्यांच्या जागी एक.

पण 'मोफत' म्हणजे खर्च शून्य नाही. कोणाचे तरी शनिवार-रविवार त्यात जातात. स्वयंसेवकाची नोकरी बदलली, तब्येत बिघडली किंवा तो कंटाळला, तर पुढच्या अपडेटला कोण धावणार?

मार्ग चौथा: मूळ कंपनीनेच आपलं सॉफ्टवेअर बोलकं ठेवणं

हा सगळ्यांत टिकाऊ मार्ग. ॲपलने २००५ मध्ये मॅकमध्ये आणि २००९ मध्ये आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' दिलं. वेगळे पैसे नाहीत. कंपनीचं 'गॅरेजबँड' आणि 'लॉजिक प्रो' त्यासोबत चालतं. 'नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स' या जर्मन कंपनीने 'कम्प्लीट कंट्रोल' कीबोर्डवर सोय केली, की कळेला हात लागताच तिचं नाव बोललं जातं. स्वरलिपी लिहिण्याचं मोफत सॉफ्टवेअर 'म्यूझस्कोअर' स्क्रीन रीडरसोबत चालतं. २०२३ च्या ४.१ आवृत्तीपासून त्यात संगीत थेट ब्रेलमध्येही दिसतं. त्या कामात व्हिएतनाममधल्या साओ माई या दृष्टिहीनांच्या केंद्राचा हात आहे.

सगळ्यांत मोठा बदल मात्र पडद्यामागे झाला. जगातले असंख्य प्लगइन 'ज्यूस' नावाच्या तयार सांगाड्यावर बांधले जातात. २०२१ मध्ये त्याच्या ६.१ आवृत्तीत स्क्रीन रीडरशी बोलण्याची सोय आली. म्हणजे त्यावर प्लगइन बांधणाऱ्याला ही यंत्रणा शून्यापासून लिहावी लागत नाही. बटणांना नीट नावं देणं आणि तपासणं एवढं काम त्याच्याकडे उरतं.

इथे गणित उलटं फिरतं. वेगळं सॉफ्टवेअर बनवलं तर सगळा खर्च मोजक्या दृष्टिहीन ग्राहकांवर पडतो. तीच सोय मुख्य सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीपासून ठेवली तर खर्च सगळ्या ग्राहकांत वाटला जातो आणि कोणालाच जाणवत नाही. इमारत बांधतानाच रॅम्प ठेवला तर स्वस्त, नंतर जिना फोडून बसवला तर महाग. तसंच हे.

बनवलं, पण विकताना काय होतं?

हा मुद्दा हमखास सुटतो. समजा सॉफ्टवेअर उत्तम बोलतं. पण ते विकत घ्यायला वेबसाईटवर जावं लागतं, आणि तिथे 'खालील चित्रातली अक्षरं टाइप करा' असा कॅप्चा येतो. किंवा परवाना सुरू करायची खिडकी मुकी असते. किंवा मॅन्युअल म्हणजे नुसती चित्रं: 'लाल वर्तुळातलं बटण दाबा'. पैसे दिल्यावर कळतं, की इन्स्टॉल करायला शेजाऱ्याला बोलवावं लागणार.

म्हणून विकणाऱ्याकडून चार साध्या अपेक्षा आहेत. पैसे देण्याआधी स्क्रीन रीडरसह वापरून बघायला ट्रायल मिळावी. काय चालतं आणि काय चालत नाही, हे पानावर स्पष्ट लिहावं. फोनवर मदत करणाऱ्याला 'निळं बटण दाबा'ऐवजी 'कंट्रोल आणि एस दाबा' असं सांगता यावं. आणि नवी आवृत्ती बाजारात आणण्याआधी ती दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या हातात द्यावी, त्यांना त्या तपासणीचे पैसे देऊन.

आपल्या संगीताचं काय?

वर आलेलं बहुतेक सगळं पाश्चात्त्य स्वरलिपीसाठी आहे. आपली सरगम अक्षरांत लिहिली जाते, त्यामुळे ती स्क्रीन रीडरला सोपी जावी असं वाटतं. तसं होत नाही.

भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब. आता एखाद्या वर्ड फाईलमध्ये कोमल गंधार अधोरेखित 'ग' म्हणून टाइप केला आहे. स्क्रीन रीडर साधारणपणे अधोरेखन बोलत नाही, ते मुद्दाम सुरू करावं लागतं. त्यामुळे शुद्ध 'ग' आणि कोमल 'ग' दोन्ही त्याच्या तोंडी 'ग'च. ज्या फरकावर भूप आणि शिवरंजनी वेगळे होतात, तोच गायब! गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही किरकोळ चूक नाही.

यावर खर्चिक उपाय लागत नाही. नोट्स पाठवणाऱ्याने 'कोमल ग' असं शब्दांत लिहिलं, किंवा संकेत ठरवून घेतला, तरी काम भागतं. गंमत बघा, आपली स्वतंत्र स्वरलिपी घडवणाऱ्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली होती. म्हणून त्यांना संगीताकडे वळवलं गेलं. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या माराकेश करारामुळे छापील पुस्तकं दृष्टिहीनांसाठी सुलभ स्वरूपात आणणं आणि देशोदेशी पाठवणं सोपं झालं. त्यात संगीताची स्वरलिपीही येते. २०१४ मध्ये या कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने अशी सूट आहे.

अपंग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये सुलभतेच्या तरतुदी आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन केवायसीच्या प्रकरणात म्हटलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तरीही माराकेश करार तुम्हाला पुस्तकाची प्रत मिळवून देतो, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं बटण बोलकं करत नाही. तिथे आजही कंपनीची इच्छा आणि ग्राहकांचा दबाव हेच चालतं.

मग आपण काय करू शकतो?

२०११ च्या जनगणनेत भारतात दृष्टीसंबंधी अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख लोकांची नोंद झाली. त्यातल्या कित्येकांना लहानपणापासून ऐकवलं जातं, 'तू गाणं शीक, ते तुला जमेल.' गाणं शिकवायचं आणि ते रेकॉर्ड करण्याचं साधन हातात द्यायचं नाही, हे बरोबर नाही.

तुम्ही संगीताचं ॲप वापरत असाल तर आज पाच मिनिटं काढा. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करा, डोळे मिटा आणि एक ट्रॅक रेकॉर्ड करून बघा. फोन नुसतंच 'बटण, बटण, बटण' म्हणत राहिला, तर ॲपच्या रिव्ह्यूमध्ये तेच लिहा. तुम्ही प्रोग्रॅमर असाल तर नवी आवृत्ती पाठवण्याआधी हीच चाचणी घ्या. आणि तुम्ही संगीत शिक्षक असाल तर पुढच्या नोट्समध्ये रेघेसोबत 'कोमल' हा शब्दही टाइप करा.